माळावर पडलेलं शर्यतीचं विमान

१९७३ साल. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. कवठे महांकाळ तालुक्यात एका दूरक्षेत्रावर जमादार, म्हणजे हवालदार. दूरक्षेत्र म्हणजे मोठ्या ठाण्याची लांबची चौकी. दोन खोल्या, एक ओसरी, दारात कडुलिंब, हाताखाली दोन शिपाई आणि भोवती अठरा गावं. अडतीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, बांधावरच्या मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्या. आभाळातून पडलेल्या माणसाचा पंचनामा मात्र एकदाच केला, आणि तो विमानवाला अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मी मराठी चौथी शिकलेला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे फौजदार होऊन निवृत्त झालो ते पुस्तकं वाचून नव्हे, माणसं वाचून. नावं मात्र कोणाचीच घेणार नाही. माणसं अजून आहेत, त्यांची नातवंडं आहेत.

त्या साली दुष्काळ होता. विहिरींचे तळ दिसत होते, आणि अशात शहरातल्या हौशी विमान चालवणाऱ्यांच्या एका मंडळानं विमानांची शर्यत काढली. लोक म्हणायचे, "खाली प्यायला पानी न्हाई आन् वर शर्यत!" पण बघायला सगळे आले. पुण्याकडून निघायचं, आमच्या एका माळावरच्या टेकाडाला वळसा घालायचा आणि सांगलीच्या धावपट्टीवर उतरायचं. सात विमानं, सगळी लहान. टेकाडावर चुन्याची भली मोठी फुली काढली होती. फुलीपाशी मंडळाचे एक साहेब दुर्बीण घेऊन बसणार, विमानाचा नंबर वाचून वहीत लिहिणार. नंबर वाचता आला नाही तर वळसा धरायचा नाही, असा नियम. म्हणजे विमानाला खाली यावंच लागे. हे ध्यानात ठेवा.

शुक्रवारचा दिवस. विमानं सकाळी साडेआठला यायची होती. पुण्याकडे धुकं पडलं म्हणून ती साडेदहाला आली. मी बंदोबस्ताला टेकाडाच्या पूर्वेच्या उतारावर होतो, माणसं सगळी तिथंच. पहिली चार गेली. पाचवं आलं, खाली आलं, टेकाडाच्या मागून वळायला लागलं आणि एकदम कलंडलं. बैलानं ढुशी दिल्यावर माणूस कलंडतो तसं. टेकाडाआड गेलं आणि मग आवाज आला.

आम्ही धावलो. आत एकटाच माणूस, तिशीच्या आतला, खुर्चीला पट्ट्यानं बांधलेला. गेलेला होता. मी अकस्मात मयताची नोंद घेतली, पंच बोलावले, पंचनामा केला. पुढचा लाकडी पंखा तुटलेला होता, त्यावर रक्त होतं. मी लिहिलं, 'पंख्यावर मयताचे रक्त'. कोणाचं रक्त हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. मीच ठरवलं.

पंचनामा संपायच्या आत गावात दहा कारणं तयार. एक म्हणाला, टेकाडावरच्या म्हसोबावरून उडालं, त्याचं फळ. दुसरा म्हणाला, "आवं, खाली पान्याचा दुष्काळ, तसा वर वाऱ्याचा! इमानाला वाराच गावला न्हाई." मंडळाच्या साहेबांचं म्हणणं, शर्यत जिंकायच्या नादात त्यानं वळण फार आवळलं. एक म्हातारी तर म्हणाली, त्यानं खाली बघून हात हलवला, दोन्ही हातांनी, म्हणून पडलं. मला प्रत्येकाचं ऐकायची हौस. कारण सांगताना माणूस स्वतःबद्दल जास्त सांगतो, हा माझा अनुभव.

संध्याकाळच्या सुमाराला गावचे पोलीस पाटील चौकीवर आले. बाकावर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जमादार, एक सांगतू. पर माझं नाव कागदावर नगं."

"बोला पाटील."

"त्यो फिटर. काल त्यानं इमानाच्या टाकीत डबा वतला. म्या डोळ्यानं बघितलं. आन् आज सकाळधरनं त्योच डबा घिऊन टेकाडामागं बडवत व्हता. डबा कशापायी बडवत व्हता, इचारा की त्येला."

फिटर म्हणजे गावच्या बौद्धवाड्यातला चोवीस वर्षांचा तरुण. सांगलीत यंत्राचं काम शिकून आलेला, म्हणून सगळे त्याला फिटरच म्हणत. नोकरी नव्हती तोवर दुष्काळी कामावर खडी फोडत होता. चुन्याची फुली काढायला आणि तिच्यावर शेळ्या येऊ न द्यायला साहेबांनी त्यालाच ठेवला होता. आदल्या दिवशी हा मेलेला विमानवाला फुली कशी दिसते ते बघायला आला होता आणि माळाच्या सपाटीवर उतरला होता. तेव्हा त्याच्याच विमानातला पेट्रोलचा डबा फिटरनं टाकीत ओतला होता. एवढं खरं होतं.

मला तेवढंच पुरलं. मागे एका ठिकाणी पेट्रोलमध्ये भेसळ करणाऱ्याला मी पकडलं होतं, वरिष्ठांनी शाबासकी दिली होती. तेव्हापासून कुठंही गाडी बंद पडली की मला भेसळीचाच वास यायचा. पाणी तळाशी बसतं आणि उशिरा इंजिनात जातं, असा माझा हिशेब जुळला. फिटरला बोलावून चौकीवर बसवलं. डबाही आणला.

आता माझी चौकशीची रीत सांगतो. मी कोणाच्या अंगाला हात लावत नसे, आणि त्याचा मला अभिमान होता. समोर बसवायचं, एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. चहा नाही, तंबाखू नाही, बोलणं नाही. गप्प बसणं चोराला सोसत नाही. तासाभरात तो बोलायला लागतो. सराईत असला तर दोन तास.

मी विचारलं, "डबा का बडवत होतास?"

फिटर म्हणाला, "पेट्रोल चांगलं व्हतं. फडक्यातनं गाळून वतलं." आणि गप्प झाला.

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी पुन्हा समोरासमोर बसलो. दुपार झाली. तो भिंतीकडे बघत होता, मी त्याच्याकडे. माझीच पाठ दुखायला लागली. असला गप्प बसणारा माणूस मी पाहिला नव्हता. मला वाटलं, हा पक्का मुरलेला. त्याच्या पिढ्यांना गप्प बसायला कोणी शिकवलं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

बाहेर कडुलिंबाखाली त्याची आई भाकरी घेऊन बसली होती. मी बाहेर आलो तशी ती उठली.

"आवं जमादार, त्याला सोमवारी कुपवाडला हजर व्हायाचं हाय. सकाळी धाला. कागद आलाय कारखान्याचा. सोमवारी न्हाई गेला तर दुसऱ्याला घेत्याल."

"मग बोल म्हणावं त्याला."

"त्यो काय बोलनार?" ती म्हणाली. "बोलला तरी तुमी लिवनार पाटलाचंच."

मला राग आला. मी म्हणालो, "बाई, मी कोणाचं ऐकून लिहीत नाही." आणि आत आलो. पण कागद बघितला. कुपवाडच्या वसाहतीतल्या एका लहान कारखान्याचा होता, खिशात घडी घालून घालून मऊ पडलेला. संध्याकाळी फौजदारसाहेबांचा निरोप आला. विमान खात्याचे साहेब रविवारी दुपारी येणार आहेत, तेव्हा संशयिताची अटक दाखवून ठेवा. अटक दाखवली की सोमवारी कोर्ट. कोर्ट म्हटलं की कुपवाड गेलं. मला हे कळत होतं. पण माझा अंदाज चुकेल असं मला वाटत नव्हतं. खटकत होतं ते एकच. ज्याला घातपात करायचा तो सगळ्या गावाला ऐकू जाईल असा डबा कशाला बडवेल?

रविवारी सकाळी मी एकटा माळावर गेलो. रीत अशी की घटना ज्या वेळेला घडली त्याच वेळेला जागेवर जाऊन बसायचं. मी पश्चिमेच्या अंगाला, टेकाडामागं बसलो. शुक्रवारी त्या बाजूला प्रेताच्या घाईत नीट बघितलंच नव्हतं. वास येत होता. वास शुक्रवारीही आला होता, पण दुष्काळात असला वास कुठं नसतो, म्हणून सोडून दिला होता.

समोर घळ होती. घळीत मेलेली ढोरं टाकलेली, सहा-सात. आणि त्यांच्या भोवती गिधाडं. नुसती बसलेली, माना आखडून, म्हाताऱ्यांची पंचायत बसावी तशी. साडेनऊ झाले, हलेनात. दहाला उन्हं तापली, माळाच्या झळा वर चढायला लागल्या. साडेदहाच्या सुमाराला एक उठलं, मग दुसरं, आणि बघता बघता वीस-पंचवीस गिधाडं टेकाडाच्या कडेनं गोल फिरत वर चढायला लागली. विमानं ज्या वाटेनं वळली त्याच वाटेनं.

मी उठलो. विमान पडलं त्या जागेपासून मागं मागं चालत आलो, एक एक झुडूप बघत. फड्या निवडुंगाच्या जाळीत एक गिधाड अडकून मेलेलं सापडलं. काट्यांमुळं कुत्र्यांना काढता आलं नव्हतं. त्याचा एक पंख मुळापासून नाहीसा होता. विळ्यानं कणीस खुडावं तसा.

तिथंच खाली बसलो. तंबाखू मळली आणि हातातच राहिली. मला आठवलं, 'पंख्यावर मयताचे रक्त'.

चौकीवर आलो. फिटर तसाच बसलेला. मी समोर बसलो आणि पुन्हा विचारलं, "डबा का बडवत होतास?"

गप्प.

आता तर मला उत्तर माहीत होतं. ढोरं, गिधाडं, डबा. पण हा ते सांगत का नाही? गिधाडं हाकत होतो, एवढं एक वाक्य बोलला असता तर शुक्रवारीच घरी गेला असता. नोकरी जायची वेळ आली तरी माणूस हे का लपवील? हा प्रश्न मला विमानापेक्षा मोठा वाटायला लागला. मी बसून राहिलो. आणि माझ्या सगळ्या नोकरीत पहिल्यांदा मीच आधी बोललो.

मी त्याला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. माझं गाव फलटणच्या बाजूचं. धर्मांतर झालं त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या गावातल्या वस्तीनंही मेलेली जनावरं ओढायचं सोडलं. मी रजेवर घरी आलो होतो, तेव्हाच आमचा बैल मेला. दोन दिवस दारात पडून. वडील वाट बघत राहिले की कोणीतरी येईल. कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत वडिलांनी आणि मी बैलाला दोर बांधला. वडिलांनी उपरणं तोंडाला गुंडाळलं, डोळे तेवढे उघडे. मला वाटलं वासासाठी. मी म्हणालो, "दादा, मला बी द्या फडकं." ते म्हणाले, "वासाचं न्हाई रं. कुनी वळखंल." ओढ्यापलीकडं टाकून आम्ही परत आलो आणि मरेपर्यंत वडील त्या गोष्टीबद्दल बोलले नाहीत. बैलाचं काय केलं विचारलं की म्हणायचे, विकला.

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. का सांगितलं कोण जाणे.

फिटरनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाला, "आमच्या गावात बी तसंच करत्यात. पहाटंचं. त्वांड बांधून. त्या घळीत. आन् दिवसा कुनालाच म्हाईत नसतंय."

"मग तू साहेबांना सांगायचं होतंस, इथं फुली नको."

"फुली म्या काडली, पर जागा पाटलानं दावली. घळ लपाय पायजे म्हून टेकाडाच्या उगवतीच्या अंगाला मानसं बसवली."

"आणि त्या विमानवाल्याला?"

तो हाताची बोटं बघत राहिला.

"त्यानं मला इमानाच्या खुर्चीत बसवलं व्हतं, जमादार. म्हनला, बस, बघ कसं वाटतंय. त्याला सांगायचं व्हतं. तोंडात आलंवतं. पर पाटील शेजारी हुबं. म्या ढोरांचं नाव काडलं असतं तर पाटील काय म्हनला असता? तुला वास येतुया तर तूच वड की, तुमचंच काम हाय. साहेबाम्होरं. आमच्या बापानं मार खाऊन सोडलंय ते काम. म्हून म्हनलं, न्हाई सांगायचं, आपुनच हाकू. डबा घेतला, सकाळधरनं हाकत व्हतो. साडेआठला इमानं आली असती तर काय बी झालं नसतं. तवा गिधाडं बसल्याली असत्यात. उशीर झाला. उन्हं चढली, मंग किती हाकायची? चार इमानं गेली. पाचवा त्योच व्हता."

मी पाटलाला बोलावलं.

"पाटील, घळीत ढोरं कोणी टाकली?"

"कुनी टाकली? गेली असत्याल आपली आपन."

"मेलेली?"

पाटलांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "जमादार, तुमी आमच्यातलंच. तुमाला का सांगाय पायजे? घरचं ढोर वडलं म्हनून कुनी हलगी वाजवतंय का? शर्यतीला म्होटं साहेब येनार, त्येंच्याम्होरं गावाची आब्रू."

"म्हणून फिटरवर घातलं?"

"म्या काय खोटं सांगितलं? डबा वतला. डबा बडवला. दोन्ही खरं हाय."

पाटील खोटं बोलले नव्हते, ही गोष्ट मला नंतर पुष्कळ चौकशांत उपयोगी पडली. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या आणि तिसरी झाकली की कोणालाही आत घालता येतं. झाकायला लाज पुरते. दुष्टावा लागत नाही.

दुपारी विमान खात्याचे दोन साहेब आणि आमचे फौजदारसाहेब जीपनं आले. साहेबांनी टाकी बघितली, नळ्या बघितल्या. मी पेट्रोलचा माझा जुना हिशेब सांगितला, चौकशीत सगळंच सांगायला हवं म्हणून. त्यातले एक हसले. म्हणाले, "हवालदार, टाकीच्या तळचं पेट्रोल रोज उडायच्या आधी काढून बघतात." ही साधी गोष्ट विचारायची मला सुचली नव्हती. मग त्यांना गिधाड दाखवलं. त्यांनी पंख्याचा तुकडा भिंगाखाली धरला, फटीत अडकलेलं पिसाचं मूळ चिमट्यानं काढलं आणि कागदात गुंडाळलं.

मी विचारलं, "साहेब, मग हेच कारण?"

"असू शकतं. वळणही फार आवळलेलं होतं. पक्षी धडकल्यावर सावरता आलं नाही, की पक्षी चुकवायला वळण आवळलं, की आधीच तोल गेला होता, हे सांगणारा एकच माणूस होता."

त्यांनी अहवालात काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. आजही जेवताना मध्येच घास थांबतो आणि मी तेच ताळे मांडत बसतो. धुकं पडलं नसतं तर? नंबर वाचायचा नियम नसता तर? पाटील शेजारी उभे नसते तर? आणि मी. ढोरं पुरायची नोटीस तालुक्याहून दोन महिन्यांपूर्वी आली होती. ती मीच गावाला बजावली होती, सही घेतली होती आणि अंमल झाला का ते बघायला गेलो नव्हतो. का गेलो नव्हतो? कारण घळीत काय असेल ते मला वडिलांमुळे ठाऊक होतं, आणि ते बघायचं नव्हतं.

फौजदारसाहेब म्हणाले, "अटक दाखवली का?"

"नाही साहेब. माझा अंदाज चुकला. तशी नोंद करतो."

"नोंदीत अंदाज चुकला असं लिहायची गरज नाही."

"मी लिहिणार साहेब." मी हट्टी आहे हे त्यांना ठाऊक होतं. चौथी शिकलेल्या माणसाला जोडाक्षरं त्रास देतात. 'अंदाज चुकला' यात एकही जोडाक्षर नाही, तरी ती ओळ लिहायला मला वेळ लागला. खाली नोटिशीचीही नोंद केली, माझ्या कसुरीसकट.

फिटरला म्हणालो, "जा. सकाळची सातची गाडी धर."

तो उठला. डबा टेबलावर होता, तो नेला नाही. दारात थांबून म्हणाला, "त्याच्या घरी कुनी सांगंल का? डबा बडवत व्हतो म्हून?" मी म्हणालो, जबाबात लिहितो. लिहिलंही. पुढं कोणी वाचला का, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दिवस उगवल्यावर मी माळावर गेलो. मुद्दाम उगवल्यावर. पाटलांना सांगून ठेवलं होतं की खड्डा खणायला माणसं पाठवा. चौघं आले होते. खड्डा खणून तयार होता, पण ढोराला हात लावायला कोणी पुढं येईना. लांब उभे, तोंडाला पटके गुंडाळून. पाटीलही होते.

मी वर्दीचा सदरा काढून बाभळीला अडकवला. घळीत उतरलो, पहिल्या बैलाच्या शिंगांना दोर बांधला.

"आवं जमादार," पाटील वरून म्हणाले, "रस्त्यानं गाडी यायची येळ झाली. वाईच दम धरा, जाऊं दे गाडी."

सातची गाडी त्या घळीच्या खालच्या सडकेनं जायची. आवाज ऐकू यायला लागला होता. वळणावर ती नेहमी हळू व्हायची. खिडक्या माणसांनी भरलेल्या, सगळी तोंडं बाहेर. त्यात फिटर कुठल्या खिडकीत होता ते मी शोधलं नाही. दोर खांद्यावर घेतला आणि ओढायला लागलो. वास लय होता. तोंडाला मी काही बांधलं नव्हतं.